आम्ही मार खाऊनच मोठे झालो ना!

मुलांना मारू नका, असं कुणी म्हटलं की आपल्याकडे उत्तर तयारच असतं. ‘आम्ही मार खाऊनच मोठे झालो ना! काय बिघडलं आमचं?’ घरातले वडीलधारे हे म्हणतात, शाळेतले जुने गुरुजी म्हणतात आणि आपण बायकाही म्हणतो. भाजी निवडता निवडता, धुणं वाळत घालता घालता, अगदी सहज. म्हणताना वाईट वाटत नाही, उलट थोडा अभिमानच असतो.

या उत्तरातल्या शेवटच्या प्रश्नाशी मात्र मी दर वेळी अडखळते. काय बिघडलं आमचं? खरंच काही बिघडलं नाही का? लग्नाला वीस वर्षं झाली तरी कुणी आवाज चढवला की छातीत धस्स होतं, ते कशामुळे? नवऱ्यानं साधं ‘आज मीठ कमी पडलं’ म्हटलं तरी रात्रभर तेच डोक्यात फिरत राहतं, ते कशामुळे? लेकराच्या हातून दुधाचा पेला सांडतो आणि आपल्या तोंडून असे काही शब्द निघतात, की आपणच दचकतो. अगं बाई, ही तर माझी आई बोलली! हे कुठून येतं?

आज याविषयीच बोलू या, मैत्रिणींनो. लहानपणी मनाला झालेल्या जखमांविषयी. आणि आपल्या लेकरांना मायेनं वाढवता वाढवता त्या जखमा कशा भरून येऊ शकतात, त्याविषयी.

हसत हसत सांगितलेलं दुःख

आमचं कोहमारा म्हणजे चौरस्त्याचं गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग आणि गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता इथं एकमेकांना भेटतात. सडक-अर्जुनी तालुक्यातलं हे गाव तसं लहानच. पण चारी दिशांच्या गाड्या इथं थांबतात, म्हणून चारी दिशांच्या बायकाही इथं भेटतात. कुणी साकोलीला दवाखान्यात निघालेली, कुणी देवरीकडच्या आश्रमशाळेत लेकराला सोडून परतणारी, कुणी रोवणीच्या दिवसात चार दिवस माहेरी मदतीला चाललेली. गाडी यायला वेळ असतो. मग गोष्टी निघतात. धानाचा भाव, मजुरी, सुनेचं बाळंतपण. आणि मधेच एखादी सांगते, ‘माही माय तं रोजच मारे मले. चौथी पोरगी झाली म्हणून आजीनं तीन दिवस तोंड नाही पाह्यलं म्हणते!’

सांगणारी हसत असते. ऐकणाऱ्याही हसतात. आणि तेवढ्यात तिच्या पदराला लोंबकळणारं पोरगं चॉकलेटसाठी रडायला लागतं. तिचा हात उठतो. सणकन एक बसते. पोरगं गप्प होतं, आणि गोष्ट पुढं सुरू राहते.

असं मी एकदा नाही, कितीदा तरी पाहिलंय. त्या बाईला वाईट म्हणावं असं मला कधीच वाटलं नाही. दिवसभर वाफ्यात वाकून रोवणी करणाऱ्या, घरी आल्यावर चूल पेटवणाऱ्या बाईला उपदेश कुणी आणि कोणत्या तोंडानं करायचा? पण तिच्या हसण्यात आणि त्या चापटीत काहीतरी नातं आहे, असं मला राहून राहून वाटतं.

हे फक्त आपल्या भागातलं नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली देशातल्या १३ राज्यांमधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपला महाराष्ट्र होता, शेजारचा गोवाही होता. पाच ते अठरा वर्षांच्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून तो केला होता. दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण सोसलेली होती. दर दोघांत एकानं अपमान, तुलना, घालूनपाडून बोलणं असा मानसिक छळ सोसला होता. आणि घरात मारणारं कोण, तर बहुतेक वेळा आईवडीलच.

एखाद्या वेळी बसलेला धपाटा आणि रोजची दहशत यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. कधीतरी रागावलेल्या आईमुळे लेकराचं आयुष्य उद्ध्वस्त होत नाही. प्रश्न आहे तो ज्या घरात लेकराला दिवसभर अंदाज घेत जगावं लागतं त्याचा. आज बाबा पिऊन येतील का? आज आई कशानं चिडेल? मी नको होते का यांना? हा प्रश्न घेऊन झोपणाऱ्या लेकराचा.

शरीर विसरत नाही

अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९८ साली एक मोठा अभ्यास मांडला. सतरा हजारांहून जास्त मोठ्या माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं. घरात मारहाण होती का? आईला मार बसताना पाहिलं का? कुणी दारूच्या आहारी गेलेलं होतं का? नकोसा स्पर्श झाला होता का? मग त्यांच्या आजच्या आजारांशी ही उत्तरं ताडून पाहिली. ज्यांच्या बालपणात अशा गोष्टी जास्त, त्यांच्यात पुढं नैराश्य, व्यसनं, जीव द्यावासा वाटणं, इतकंच काय, हृदयविकारसुद्धा जास्त आढळला.

कारण समजायला अवघड नाही. कुत्रं अंगावर आलं की आपलं काळीज धडधडतं, हातपाय ताठ होतात. कुत्रं गेलं की शरीर पुन्हा शांत होतं. पण ज्या लेकराला घरातच भीती वाटते, त्याचं शरीर शांत व्हायचं कधी? ते सतत पहाऱ्यावरच राहतं. वर्षानुवर्षं असंच चाललं की मोठेपणीही तो पहारा उठत नाही. म्हणून मग मिठाच्या एका शब्दानं रात्रभर झोप लागत नाही.

घाबरून जाऊ नका. या अभ्यासानं जोखीम वाढते एवढंच सांगितलं, नशीब ठरतं असं नाही. तेवढंच कठीण बालपण भोगलेली कितीतरी माणसं प्रेमळ आईबाप झालेली आपण पाहतोच की! मग फरक कुठं पडतो?

पाळण्याभोवतीची भुतं

याचं एक उत्तर सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकी बाईंनी १९७५ साली दिलं. तान्ह्या बाळांच्या आणि त्यांच्या आयांच्या मदतीला त्या घरोघरी जात. त्यांच्या लक्षात आलं, की काही घरांत पाळण्याभोवती जणू भुतं असतात. आईच्या स्वतःच्या बालपणातली भुतं. बाळ रडतं आणि आईला ते ऐकूच येत नाही, कारण ती लहान असताना तिचं रडणंही कुणी ऐकलेलं नसतं.

पण सगळ्याच दुखावलेल्या आया असं वागत नव्हत्या. काही जणी आपल्या बाळाला अगदी जपत होत्या. या दोघींत फरक काय? मारलं, टाकलं, हाकललं, हे सगळ्यांनाच आठवत होतं. ज्या पुढं तसंच वागत होत्या, त्यांना फक्त घटना आठवत होत्या. त्या वेळचं दुःख, ती भीती, तो अपमान मात्र त्यांनी कुठंतरी गाडून टाकला होता. आणि ज्यांना ते दुःख आठवत होतं, ‘मला तेव्हा किती वाईट वाटलं होतं’ हे ज्या सांगू शकत होत्या, त्यांचा हात लेकरावर उठत नव्हता.

आता आपलं ते वाक्य पुन्हा ऐका. ‘आम्ही मार खाऊनच मोठे झालो ना! काय बिघडलं आमचं?’ यात मार आहे, पण दुःख कुठंय? ते आपण हसण्यावारी नेलंय. आणि म्हणूनच तो मार आपल्या हातातून पुढच्या पिढीकडे जातो. सासूनं छळलं म्हणून सुनेला छळणारी सासू आपण सगळ्यांनी पाहिलीय. लेकरांच्या बाबतीतही तेच असतं, फक्त ते आपल्या नजरेत येत नाही.

चिंधीची माई झाली ती कशी

याचं मोठं उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. सिंधुताई सपकाळ. वर्धा जिल्ह्यातल्या पिंपरी मेघे इथं १४ नोव्हेंबर १९४८ रोजी जन्मल्या. पुढं ज्या दिवसाला आपण बालदिन म्हणू लागलो, तोच दिवस. पण घरात मुलगी नको होती. म्हणून तिला म्हणू लागले ‘चिंधी’. फाटक्या कपड्याचा तुकडा! विचार करा, ज्या नावानं हाक मारल्यावर लेकरू धावत येतं, त्या नावाचाच अर्थ ‘तू नको होतीस’ असा.

आईचा शाळेला विरोध. चौथीपर्यंतच शिक्षण. न कळत्या वयात स्वतःहून कितीतरी मोठ्या माणसाशी लग्न. पुढं पोटात बाळ असताना नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं. गोठ्यात बाळंत झाल्या. माहेरी गेल्या, तर आईनंही आसरा दिला नाही. रेल्वे स्टेशनवर गाणी म्हणून भीक मागितली, स्मशानात रात्री काढल्या. हे सगळं त्या स्वतः भाषणांतून गावोगाव सांगत.

अशा बाईनं जगावर डूख धरला असता तर कुणी नावं ठेवली असती का? पण स्टेशनवर त्यांना आपल्यासारखीच टाकलेली पोरं दिसली. मागून आणलेलं अन्न त्यांनी त्यांच्याबरोबर वाटून खाल्लं. तिथून शेकडो मुलांची माई झाली. चिखलदऱ्याला मुलींचं वसतिगृह, सासवडजवळ कुंभारवळणला आणि पुण्याजवळ मांजरीला मुलांची घरं उभी राहिली. २०१० साली त्यांच्यावर चित्रपट आला, २०२१ साली पद्मश्री मिळाली. ४ जानेवारी २०२२ ला माई गेल्या.

माईंना आपण त्यागाची मूर्ती करून टाकलंय. मला त्यात वेगळंच काही दिसतं. स्वतःच्या आईनं जवळ घ्यावं, ही त्यांची इच्छा काही पूर्ण झाली नाही. ते राहून गेलेलं जवळ घेणं त्यांनी दुसऱ्या लेकरांना दिलं. पण आपलं दुःख त्यांनी कधी लपवलं नाही. हजारो लोकांसमोर उभं राहून त्या म्हणत, मला चिंधी म्हणत होते, मला हाकललं होतं. ‘त्यात काय एवढं’ असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. फ्रायबर्गबाई ज्या दुःखाच्या आठवणीविषयी सांगत होत्या, ती हीच.

माईंचं सगळंच आपल्याला जमेल किंवा पटेल असं नाही. दुसऱ्या लेकरांत आणि आपल्या लेकीत दुजाभाव होऊ नये, म्हणून त्यांनी पोटची मुलगी ममता पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या हवाली केली. त्याविषयी प्रत्येकीचं मत वेगळं असू शकतं. आपल्याला शेकडो मुलांची माई व्हायचंही नाहीये. आपल्या घरातल्या एका-दोघांची आई नीट होता आलं तरी पुष्कळ!

एक माणूस पुरतं

माईंच्या गोष्टीत एक माणूस नेहमी मागं राहतो. त्यांचे वडील, अभिमान साठे. आईचा विरोध होता म्हणून ते चिंधीला गुरं राखायला नेतो असं दाखवून शाळेत धाडत. शिक्षण चौथीपर्यंतच झालं. पण ‘ही पोर शिकली पाहिजे’ असं वाटणारं एक माणूस त्या घरात होतं. माईंच्या अंगी पुढं जे बळ आलं, त्याची एक मुळी तिथं असणार, असं मला वाटतं.

हवाई बेटांपैकी कवाई नावाचं एक बेट आहे. तिथं १९५५ साली जन्मलेल्या सुमारे सातशे मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं चाळीस वर्षं मागोवा घेतला. त्यातल्या ज्या मुलांच्या घरी गरिबी, व्यसन, भांडणं, आईबापांचे मानसिक आजार असं सगळं एकत्र होतं, त्यांचं काय झालं? बऱ्याच जणांना त्रास झाला. पण त्यातलीही साधारण एक तृतीयांश मुलं मोठेपणी चांगली, कष्टाळू, प्रेमळ माणसं झाली. या मुलांत एक गोष्ट सारखी दिसली. त्यांना लहानपणी निदान एक तरी मोठं माणूस आपलं म्हणणारं होतं. आजी, मावशी, शेजारीण, एखादी शिक्षिका.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या सगुणाबाई आठवल्या. जोतिबा फुल्यांची आई चिमणाबाई ते अगदी तान्हे असताना गेली. त्यांना आईच्या मायेनं वाढवलं ते नात्यातल्या बालविधवा सगुणाबाई क्षीरसागर यांनी. त्याच जोतिबांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं यावं, सुखरूप बाळंत व्हावं, लेकराचा जीव घेऊ नये म्हणून. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. ज्या लेकराला समाजानं जन्मायच्या आधीच नाकारलं होतं, ते पुढं डॉक्टर झालं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या, तेव्हा त्या रोग्यांवर उपचार करणारा हाच यशवंत होता.

सगुणाबाईंनी एका पोरक्या लेकराला जवळ घेतलं. त्या लेकरानं मोठेपणी दुसऱ्या नकोशा लेकराला जवळ घेतलं. मार जसा पुढं जातो, तशी मायाही पुढं जाते. आणि ती द्यायला रक्ताचं नातंच लागतं असं नाही.

नावापासून सुरुवात

आता आपल्या घराकडे येऊ. सुरुवात कुठून करायची? मला वाटतं, जिभेपासून.

सातारा जिल्ह्यात २०११ साली एक वेगळाच कार्यक्रम झाला. ‘नकुशी’ नावाच्या २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. मुलगी नको होती म्हणून ठेवलेलं नाव, शाळेच्या हजेरीत, दाखल्यावर, सगळीकडे. रोज ‘नकुशी’ म्हटल्यावर ‘हजर’ म्हणायचं! त्या दिवशी त्यांनी आपापलं नाव निवडलं. आपल्याकडे नाव ‘नकुशी’ नसेलही, पण आपण लेकरांना काय काय म्हणतो ते एकदा आठवून पाहू या. काळी, ढब्बी, बावळट, बिनकामाची, ‘बापावर गेलंय मेलं’. आपण चिडून म्हणतो आणि विसरून जातो. ते मात्र विसरत नाही.

मग येतो हात. राग येणारच. तीन कामं एकदम अंगावर असताना पोरानं शर्टाला चिखल लावून आणला तर कुणाला राग येणार नाही? राग आला की हात उठायच्या आधी तिथून दूर व्हायचं. मागच्या दारी जायचं, घोटभर पाणी प्यायचं. लेकराला सांगायचं, ‘मला आत्ता फार राग आलाय. थोड्या वेळानं बोलू.’ यानं लेकरू शेफारत नाही. उलट राग आल्यावर काय करायचं, ते त्याला आपल्याकडूनच शिकायला मिळतं. शिस्त हवीच. अभ्यासाची वेळ, मोबाईलची वेळ, खोटं न बोलणं, हे सगळं हवं. पण शाळेतसुद्धा छडी चालत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घातलीय. मग घरात तरी ती कशाला हवी?

आणि तरीही एखाद्या दिवशी हात उठलाच तर? तर सगळं संपलं असं मानू नका. एड ट्रॉनिक नावाच्या संशोधकानं आया आणि तान्ही बाळं यांचं खूप बारकाईनं निरीक्षण केलं. त्याला दिसलं, की चांगल्या आया आणि बाळंसुद्धा सगळा वेळ एकमेकांशी जुळलेली नसतात. साधारण तीस टक्के वेळच सूर जुळतो. बाकी वेळ चुकतं, तुटतं आणि पुन्हा जुळवलं जातं. बाळाला भरवसा मिळतो तो या पुन्हा जुळवण्यातून. म्हणजे परिपूर्ण आई कुणालाच लागत नाही! चुकल्यावर परत जवळ येणारी आई लागते. ‘मी उगाच मारलं तुला. माझं चुकलं. तुला फार लागलं का?’ एवढं म्हणायला आपली जीभ जड होते, कारण आपल्याला असं कुणी कधी म्हटलेलंच नसतं. पण एकदा म्हणून पाहा. लेकराच्या चेहऱ्याकडे बघा. आणि मग स्वतःच्या आत काय होतं, तेही बघा. आपल्या आतल्या त्या जुन्या मुलीलाही कुणीतरी ‘माझं चुकलं’ म्हटल्यासारखं वाटतं.

मायेनं वाढवताना आपली जखम भरते म्हणतात, ती अशी.

न बोललेली जखम

काही जखमा माराच्या नसतात. लहानपणी नात्यातल्या, ओळखीतल्या कुणी नको तिथं हात लावला, आणि ती गोष्ट आजतागायत कुणाला सांगितलेली नाही, अशा बायका आपल्या आसपास आहेत. हे वाचणाऱ्यांतही असतील. अशी आई पुढं लेकीला कुठंच पाठवत नाही. मैत्रिणीकडे नको, सहलीला नको, मामाकडे राहायला नको. कारण सांगत नाही. लेकीला वाटतं, आईचा माझ्यावर विश्वासच नाही. भीती आईची, आणि कोंडमारा लेकीचा!

अशा वेळी बंदीपेक्षा बोलणं कामाला येतं. ‘तुझ्या अंगाला कुणी नको तसा हात लावला तर मला सांग. कुणीही असो. मी तुझ्यावर विश्वास ठेवीन, तुला रागावणार नाही.’ हे मुलींना सांगायचं, तसंच मुलांनाही. आणि लेकरू काही सांगत आलं तर ‘गप्प बस, कुठं बोलू नकोस’ असं म्हणून त्याचं तोंड बंद करायचं नाही. २०१२ पासून पोक्सो कायदा आहे. लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन नंबर आहे, मुंबईत १९९६ साली सुरू झालेला आणि आता देशभर चालणारा.

लेकरू म्हणजे औषध नव्हे

एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. आपली जखम भरावी म्हणून लेकराला वाढवायचं नसतं. ‘मला काही मिळालं नाही, म्हणून तुला सगळं देते, आता तू मला सोडून जाऊ नकोस,’ असं कळत नकळत झालं तर तो लेकरावर दुसऱ्या तऱ्हेचा भार होतो. नवऱ्याच्या तक्रारी दहा वर्षांच्या लेकीला सांगून रडणं, हेही तसंच. तिला आपली मैत्रीण करू नये, तिला लेकच राहू द्यावं.

मग आपलं दुःख सांगायचं कुणाला? मोठ्या माणसाला. बहीण, मैत्रीण, बचत गटातली समजूतदार बाई, अंगणवाडीताई, समजून घेणारा असेल तर नवरा. आपल्या आतलं ऐकणारं एक माणूस आपल्यालाही हवंच की! झोप उडालेली असेल, जीव नकोसा वाटत असेल, लेकरावरचा राग आवरतच नसेल, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नका. शासकीय रुग्णालयात मानसोपचाराची सोय मिळते. २०२२ पासून सरकारनं सुरू केलेला टेली-मानस हा फोनही आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तापाला गोळी घेतो, तसंच हे.

आणि हो, बाबांनाही यात घ्या. मायेनं वाढवणं हे फक्त आईचं खातं नाही. अभिमान साठे यांच्याजवळ पैसा नव्हता, घरात त्यांचं फारसं चालतही नव्हतं. तरी लेकीसाठी त्यांनी वाट काढलीच. ‘मला जमत नाही हे लाडबीड’ असं म्हणणाऱ्या नवऱ्यालाही लहानपणी कुणी जवळ घेतलेलं नसतं. रोज रात्री दहा मिनिटं लेकराजवळ बसा, एवढंच मागा. फोन बाजूला ठेवून.

शेवटी एक काम सांगते. तुमच्या घरात आई असेल, सासू असेल, आजी असेल. ती नातवंडांवर ओरडते, मुलीला एक आणि मुलाला एक करते, म्हणून तुमचा तिच्याशी वाद होत असेल. या आठवड्यात वाद नको. सगळी कामं आटोपल्यावर तिच्याजवळ बसा आणि फक्त विचारा, ‘आई, तुम्ही लहान होत्या तेव्हा तुम्हाला जवळ कोण घ्यायचं?’

कदाचित ती म्हणेल, ‘कोन घेते वं आमाले जवळ! आमच्या टायमाले असं नव्हतं.’ आणि हसेल. तुम्ही हसू नका. थोडं थांबा. तिला अजून काही सांगायचं असेल.